उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, आत्मिक युद्ध आणि विश्वासात टिकून राहणं. सगळी छापता येत नाहीत म्हणून सहा निवडलीत, नावं-गावं काढून टाकलीत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीये, कारण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडतं.

ताई, सलाम. मागच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि तेव्हापासून एकामागून एक अडचणी सुरू आहेत. नोकरी गेली, घरात भांडणं, रात्री दचकून जाग येते. प्रार्थना गटातली एक बहीण म्हणते हा सैतानाचा हल्ला आहे, रोज जोरात धमकावत जा, येशूच्या नावाने त्याला बांधत जा, नाहीतर तो वरचढ होईल. मी करते सगळं, पण खरं सांगू का, भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीये. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही गं. हे आधी डोक्यातून काढ. नोकरी गेलेली, घरात कुरबुरी चालू, आणि तरी अर्ध्या रात्री उठून जी मुलगी प्रभूचंच नाव घेते तिचा विश्वास कमी कसा म्हणायचा?

ती बहीण काळजीपोटीच बोलली असणार, तिच्याशी वाकडं घेऊ नकोस. पण भीती वाढलीये असं तू लिहिलंयस ना, त्याकडे नीट बघूया. रोजच्या प्रार्थनेत किती वेळ तू प्रभूशी बोलतेस आणि किती वेळ सैतानाशी? बऱ्याच जणांचं असं होतं की अर्धा तास गुडघ्यावर असतात आणि त्यातली वीस-पंचवीस मिनिटं धमकावण्यात, बांधण्यात, हाकलण्यात जातात आणि मग ज्याच्याशी जास्त बोललो तोच दिवसभर मनात राहतो.

सैतान खरा आहे, मी त्याला नुसती कल्पना मानत नाही. पेत्र त्याला गर्जणारा सिंह म्हणतो (१ पेत्र ५:८), आणि पेत्राला हे अंगावर आलेल्या अनुभवातून माहीत होतं, कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारलं होतं त्याने. पण त्या सिंहाच्या आधीचं वचन आपण नेहमी सोडून देतो, आपली सगळी चिंता देवावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो. आधी ओझं खाली ठेवायचं आणि मग जागं राहायचं. डोक्यावर ओझं घेऊन पहारा देता येत नाही.

आता पौलाचं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, आत्मिक युद्धाबद्दलचा. इफिस कसलं शहर होतं ते आधी बघ. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये लिहिलंय की तिथे जादूटोणा करणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांनी विश्वास ठेवल्यावर आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, त्यांची किंमत काढली तर चांदीची ५०,००० नाणी भरली. त्याच अध्यायात स्किवाचे सात मुलगे आहेत, ते येशूचं नाव मंत्रासारखं वापरून दुष्ट आत्मा काढायला गेले आणि तो म्हणाला येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? जखमी होऊन, अंगावर कपडा नाही अशा अवस्थेत ते त्या घरातून पळाले. म्हणजे मंत्र, शक्तींची नावं, बांधायच्या-सोडायच्या रीती हे सगळं ह्या शहराला पाठ होतं. आणि अशा ठिकाणच्या लोकांना युद्धाबद्दल लिहिताना पौल एकाही भुताचं नाव देत नाही, कुठले शब्द म्हणायचे तेही देत नाही, आवाज किती मोठा हवा ते तर कुठेच नाही. तो सांगतो उभे राहा. ११व्या वचनात उभं राहणं, १३व्यात तग धरणं आणि सगळं करून पुन्हा उभं राहणं, १४व्यात परत तेच, चार वेळा.

उभा राहा असं कुणाला सांगतात? ज्याच्या पायाखाली जागा आधीपासून आहे त्याला. कलस्सैकरांस २:१५ वाच, ख्रिस्ताने वधस्तंभावर सत्ता आणि अधिकार ह्यांना नाडून त्यांचं उघड प्रदर्शन केलं. जागा त्याने मिळवून ठेवलीये. तुला तिथून हलायचं नाही, एवढंच तुझं काम.

आणि ती देवाची शस्त्रसामग्री, जी चढवा असं पौल त्याच अध्यायात सांगतो. संडेस्कूलमध्ये आपण रोमी शिपायाचं चित्र रंगवतो त्यामुळे वाटतं की पौलाने समोरच्या पहारेकऱ्याकडे बघून हे लिहिलं. बेड्यांत होता, पहारेकरी समोर असेलही. पण यशया ५९:१७ उघड. तिथे नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण कोण चढवतं? स्वतः परमेश्वर. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं त्या दिवशी शास्त्र मांडीवर तसंच उघडं ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. देवाची शस्त्रसामग्री म्हणजे त्याने कुठून तरी आणून दिलेली नाही, त्याच्या स्वतःच्या अंगावरची. शौल राजाचं चिलखत दाविदाला झेपलं नव्हतं, काढून ठेवावं लागलं होतं, पण हे तुला बसतं, कारण तू ख्रिस्तात आहेस.

सगळ्या वस्तूंबद्दल लिहीत नाही, दोनच सांगते. पहिली कंबरेला कसायची, सत्य, आणि मला वाटतं तुला आत्ता हीच हवीये. सत्य म्हणजे योग्य शिकवण तर आहेच पण खरं बोलणंही आहे. प्रभू, माझी नोकरी गेली, मला लाज वाटते, पुढचं कसं होणार कळत नाही, आणि काल घरात मीसुद्धा ओरडले. असं एकेका गोष्टीचं नाव घेऊन सांग. मोघम भीती रात्रभर फुगत राहते, पण नाव घेऊन सांगितलं की ती गोष्ट असते तेवढीच दिसायला लागते.

दुसरी ढाल. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द थुरेओस, तो दार ह्या शब्दावरून आलाय. म्हणजे हातात नाचवायची छोटी गोल ढाल नव्हे, दारासारखी उंच, जिच्यामागे माणूस मावतो. अशा ढाली घेऊन शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहायचे तेव्हा एकाची ढाल शेजारच्यालाही आडोसा द्यायची. इथे आपल्या मराठी शास्त्रात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, आपण आदरानेही तुम्ही म्हणतो आणि अनेकांनाही तुम्हीच म्हणतो, त्यामुळे वाचताना वाटतं पौल माझ्या एकटीशी बोलतोय. ग्रीकमध्ये तो तुम्ही अनेकांचा आहे. पूर्ण मंडळीला सांगितलंय, मिळून उभे राहा. तू मात्र अर्ध्या रात्री एकटीच ही लढाई लढत बसलीयेस.

नोकरी जाणं हा हल्ला होता का, तर ते ठरवायच्या मागे लागू नकोस. पौलाच्या शरीरातला काटा बघ, २ करिंथ १२ मध्ये तो त्याला सैतानाचा दूत म्हणतो आणि त्याच वाक्यात सांगतो की मी चढून जाऊ नये म्हणून तो दिला होता. दोन्ही एकदम. त्याने तीनदा विनंती केली आणि काटा काही निघाला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा कुणी टोचला ह्याचा हिशोब न लावता त्याला टिकता आलं, तुलाही येईल.

रात्री जाग आली तर दिवा लाव, उठून बस, पाणी पी. ओरडायची गरज नाही, घरातले झोपलेले असतात आणि प्रभूला हळू बोललेलंही ऐकू येतं. स्तोत्र ४ चं शेवटचं वचन पाठ करून ठेव, दावीद म्हणतो मी स्वस्थ पडतो आणि झोपी जातो कारण तूच मला निर्भय ठेवतोस. तेच हळूहळू म्हण. आणि सकाळी कुणालातरी फोन करून सांग की काल रात्री असं झालं. त्या बहिणीलाच केलास तरी चालेल, फक्त तिला म्हण, ताई आज बांधणं-सोडणं नको, माझ्याबरोबर नुसती बसा.

प्रार्थनेला बसलो की देवाबद्दल घाणेरडे शब्द आणि शिव्या आपोआप मनात येतात. मला ते नको असतात तरी येतात. पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही असं वाचलंय. ते माझ्याकडून झालंय का? कुणाला सांगायचीही लाज वाटते.

दादा, मला सांगितलंत हे फार बरं केलंत. नाही, झालेलं नाही.

मत्तय १२ मध्ये प्रभू ते कुणाला म्हणाला ते बघा. आंधळा-मुका माणूस डोळ्यांदेखत बरा झाला आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, म्हणाले हे भुतांच्या अधिपतीच्या मदतीने केलं. ते अगदी शांत होते, ठाम होते, त्यांची कुणाचीच झोप उडाली नव्हती. तुमची उडालीये. ज्याला आपण प्रभूपासून तुटू अशी धास्ती वाटते तो प्रभूला धरून असतो म्हणूनच त्याला ती वाटते.

मनात विचार येणं आणि तो मान्य करणं वेगळं. मला नमन कर हे सैतानाचे शब्द रानात प्रभूच्याही कानावर पडले, आणि तरी तो निष्पाप राहिला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉन बन्यन नावाचा उपदेशक होऊन गेला, परवानगीशिवाय उपदेश केला म्हणून साधारण बारा वर्षं तुरुंगात काढली त्याने. त्याच्याही मनात तरुणपणी ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक असे शब्द दिवसरात्र घोळायचे आणि तो अक्षरशः पिचून गेला होता. पुढे त्याच माणसाकडून देवाने किती काम करून घेतलं.

एक फरक ओळखायला शिका. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकी गोष्ट दाखवतो, काल भावाशी खोटं बोललास, जा, त्याला सांग, आणि रस्ता उघडा असतो. प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला दोष देणारा म्हटलंय, तो मोघम बोलतो, तू असाच, तुझं काही खरं नाही, आणि रस्ता काही दाखवत नाही. रोम ८:१ हे त्याला द्यायचं उत्तर आहे, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

त्या विचारांशी हुज्जत घालू नका, एकेकाची माफी मागत बसू नका. बाहेर रस्त्यावर गोंगाट चालू असतानाही आपण घरात बोलत राहतो ना, तसं प्रार्थनेतलं पुढचं वाक्य म्हणा. आणि हे नीट वाचा, जर ह्यात रोज तासन्तास जात असतील, किंवा विचार पुसून टाकायला तीच प्रार्थना दहा-वीस वेळा म्हणावी लागत असेल, तर ही ओसीडीची, म्हणजे नको असलेले विचार परत परत येत राहण्याच्या मानसिक आजाराची, खूण असू शकते, मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. धार्मिक विचारांचा ओसीडी डॉक्टरांना नवीन नाही आणि त्यावर उपचार आहेत. त्यांच्याकडे गेल्याने विश्वास उणा होत नाही.

माझ्या सासूबाई विश्वासात नाहीत. मी शास्त्र वाचायला बसले की मुद्दाम टीव्ही मोठा करतात, टोमणे मारतात. त्यांच्यातल्या आत्म्याला कसं बांधायचं?

त्यांना बांधू नका ताई, त्यांच्याशी बोला. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही असं इफिस ६:१२ सांगतं आणि सासूबाई रक्तामांसाच्या आहेत, म्हणजे त्या शत्रू नाहीत. झगडणं ह्याला मूळ शब्द कुस्तीचा आहे, अंगाला अंग भिडलेलं, त्यामुळे समोर जो माणूस दिसतो तोच शत्रू वाटायला लागतो. तुम्ही शास्त्र उघडलं की सून हातातून गेली असं त्यांना वाटत असेल का? एकदा विचारून बघा. वाचनाची वेळ बदलता आली तर बदला, त्यात हार नाही. आणि इफिस ४:२६-२७ मात्र सोडू नका, सूर्य मावळायच्या आत राग संपवा आणि सैतानाला वाव देऊ नका. तुमच्या घरात तो शिरला तर टीव्हीच्या आवाजातून नाही शिरणार, तुमच्या मनात साठलेल्या रागातून शिरेल. मला हे ठाऊक आहे कारण मी स्वतः एका नातेवाईकावर कित्येक वर्षं राग धरून होते आणि त्याला नीतिमान संताप म्हणत होते.

दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या घेतोय, फरक आहे. एका सभेत प्रार्थना झाल्यावर सांगण्यात आलं की हा निराशेचा आत्मा होता, आता गेलाय, गोळ्या बंद करा, नाहीतर तो अविश्वास होईल. काय करू?

गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करू नका, अचानक बंद केल्याने त्रास होतो आणि आजार उलटूही शकतो.

ह्या बाबतीत मला फार कळकळ आहे, कारण माझ्या जवळच्या एका माणसाने असंच ऐकून औषध सोडलं आणि पुढचे तीन महिने आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसून काढले, एकट्याला सोडायची सोय नव्हती. सांगणारा त्या तीन महिन्यांत एकदाही आला नाही.

शास्त्र काय म्हणतं बघा. मत्तय ४:२४ मध्ये लोकांनी कोणाकोणाला आणलं त्याची यादी आहे, दुखणेकरी वेगळे, भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे. हा फरक मत्तयाला कळत होता. तीमथ्याचं पोट आणि वरचेवर येणारी दुखणी ह्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (१ तीमथ्य ५:२३), पोटातला आत्मा काढायला सांगितलं नाही. आणि पौलाचा सोबती लूक, त्याला तो प्रिय वैद्य म्हणतो.

आणि एलीया संदेष्टा, १ राजे १९. थोड्याच दिवसांपूर्वी कर्मेल डोंगरावरचा विजय, आणि मग झुडपाखाली पडून म्हणतो परमेश्वरा पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत आला तो भाषण द्यायला आला नाही. त्याने स्पर्श केला, म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं. एलीया खाऊन परत झोपला आणि देवाने झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला लावलं आणि म्हणाला तुला लांबचा पल्ला गाठायचाय. तुमची सकाळची गोळी ही मला त्या भांड्यातल्या पाण्यासारखी वाटते. आभार मानून घ्या.

रोज सकाळी शस्त्रसामग्रीची एकेक वस्तू तोंडाने म्हणून चढवावी लागते का? एखाद्या दिवशी राहिलं तर?

तर काहीही होत नाही. म्हणायची सवय असेल आणि त्याने उभारी येत असेल तर जरूर म्हणा. पण विसरलात म्हणून संरक्षण गेलं असं वाटायला लागलं तर ती प्रार्थना राहत नाही, ताईत होतो. पौल शेवटी १८व्या वचनात थेट प्रार्थनेवर येतो आणि सर्व हा शब्द परत परत घालतो, सर्व प्रकारे, सर्व प्रसंगी, सर्व चिकाटीने, सर्व पवित्र जनांसाठी. आणि मग स्वतःसाठी मागतो. बेड्यांत बसलेला माणूस आहे, बेड्या तुटाव्यात असं मागेल असं आपल्याला वाटतं. त्याने मागितलं काय, तर तोंड उघडल्यावर धैर्याने बोलता यावं.

माझ्यावर कसलाच हल्ला वगैरे नाही. फक्त काही वाटत नाही. प्रार्थना कोरडी, शास्त्र कोरडं. रविवारी मागच्या बाकावर बसतो, उपासना संपली की निघून येतो. मंडळी बदलावी का, की काही दिवस जाणंच बंद करावं?

तुमचं पत्र सगळ्यात लहान होतं पण मी ते सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा संन्यासी राहायचा, त्याने तुमच्यासारखीच अवस्था लिहून ठेवलीये. तो तिला दुपारचं भूत म्हणायचा. दुपार झाली की खोलीतल्या संन्याशाला वाटतं सूर्य जागचा हलतच नाहीये, तो परत परत खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन ऊन किती सरकलं ते पाहतो, मग वाटतं ही जागाच चुकीची, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. म्हणजे हाही हल्लाच आहे दादा, फक्त आवाज न करणारा.

नंतर सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियस नावाच्या संताने ह्यावर एक नियम सांगितला, तो मी स्वतः धरून आहे. मन कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मंडळी बदलायची असेल तर बदला, पण मन ओलं होईल तेव्हा विचार करून बदला, आत्ता नको.

माझ्याकडे एक जुनी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे गेलेले. त्यात अकरा महिने रोजची नोंद एकाच ओळीची आहे. तारीख, आणि पुढे "बसले. काही वाटलं नाही." पानंच्या पानं तेच. मधे एका दिवशी लिहिलंय "आज बसावंसंही वाटलं नाही, दहा मिनिटं बसले." तेव्हा मला ती वही माझ्या नापासाच्या प्रगतिपुस्तकासारखी वाटायची, फाडायलाही काढली होती एकदा. आता इफिस ६ वाचून झालं की मी ती कधी कधी उघडते. सगळं करून उभं राहणं असं पौल म्हणतो ते त्या पानांवर आहे, त्यात वाटण्याचा भाग नव्हता. अकरा महिन्यांनंतर कोरडेपणा गेला तोही काही मोठं घडून नाही, एका सकाळी स्तोत्र वाचताना डोळे भरले इतकंच.

पण त्या अकरा महिन्यांत मी एकटी नव्हते, हे लिहिलं नाही तर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. मंडळीतल्या दोन वयस्क बायका दर बुधवारी माझ्याकडे येऊन बसायच्या. त्या प्रार्थना करायच्या आणि मी फक्त आमेन म्हणायचे, तेही कधी कधी म्हणायचे नाही. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय, त्या खाटेवरचा माणूस तोवर एक शब्द बोललेला नाही.

म्हणून येत्या रविवारी उपासना संपली की लगेच निघू नका. पाच मिनिटं थांबा, एका कुणाला तरी, ज्याचा चेहरा तुम्हाला बरा वाटतो त्याला सांगा की मला सध्या प्रार्थना जमत नाही, माझ्याऐवजी तुम्ही कराल का. तो काय म्हणाला ते मला लिहून कळवा. तोवर तुमचं पत्र माझ्या शास्त्रात स्तोत्र ४२ च्या पानात ठेवलंय, सकाळी ते पान उघडलं की मी तुमच्यासाठी मागते.